दोनास एक

निवृत्त झाल्यावर माणसानं काय काय करू नये, याची यादी आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींनी निरोप समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी मला बाकावर बसवून ऐकवली होती. शेअर घेऊ नयेत, कविता करू नयेत, सोसायटीचं चिटणीसपद घेऊ नये, सुनेच्या स्वयंपाकघरात डोकावू नये. शेती करू नये असं कोणी म्हणालं नाही. ते त्यांना सुचलंच नसावं, कारण सदतीस वर्षं मी ज्या कचेरीत काढली तिथं माझ्या टेबलावर मनीप्लँटची एक वेल होती, आणि मनीप्लँट काही केल्या मरत नाही अशी त्याची ख्याती असूनही ती वेल माझ्या हातून दोनदा मेली होती.

पण २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि नेमकं त्याच साली मी निवृत्त झालो. एरवी पेपरवाल्याचं बिल चुकीचं आलं तरी त्यात मला नियतीचा हात दिसतो, इथं तर सगळं जगच बाजरीकडे बोट दाखवत होतं. माण तालुक्यात, दहिवडीपासून थोडं आत, वडिलांच्या वाटणीचं दोन एकर मुरमाड रान होतं. ते आजवर चुलतभाऊ तात्याच करत आला होता आणि दर दिवाळीला बाजरीचं एक पोतं न बोलता आमच्या दारात आणून टाकत होता. त्या पोत्यावर गप्प बसायला काही हरकत नव्हती. मी बसलो नाही.

आमचं माण म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्री सगळा पाऊस पलीकडे उतरवून घेतो आणि आमच्याकडे रिकामे ढग पाठवतो. वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. आमची ही गुहागरची. तिच्या माहेरी एवढा पाऊस एका पंधरवड्यात पडतो आणि पडल्यावर त्याबद्दल कोणी काही बोलतही नाही. त्यामुळे मी जेव्हा जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की मी कोरडवाहू शेती करणार, आणि तीही साधी नव्हे, तर बाजरीत तुरीचं आंतरपीक घेणार, तेव्हा तिनं वरणाचा डाव माझ्या ताटात रिकामा करत एवढंच विचारलं, "अहो, तूर झाडाला येते की वेलाला?"

मी म्हटलं, "संदर्भ पाहून सांगतो."

संदर्भ मी भरपूर पाहिले. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चाललंय, राहुरीच्या विद्यापीठानं बाजरीच्या दोन संकरित जातींना चक्क 'श्रद्धा' आणि 'सबुरी' अशी नावं दिलीत, हे सगळं मी वहीत लाल शाईनं उतरवून घेतलं. त्या दोघींपैकी पहिली माझ्याकडे पोत्यानं होती, दुसरीचा एक दाणाही नव्हता. पुस्तिकेतलं एक वाक्य मात्र मी चौकोनात घेतलं: बाजरी आणि तूर यांचं आंतरपीक २:१ या प्रमाणात घ्यावं.

आता मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यभर घरात डोशाचं पीठ भिजवताना तांदूळ-उडदाची वाटी मोजली, तो २:१ वाचल्यावर काय समजेल? मी दुकानात जाऊन बाजरीच्या दीड किलोच्या सहा पिशव्या घेतल्या, म्हणजे नऊ किलो, आणि तूर घेतली साडेचार किलो. हिशोब तंतोतंत. दुकानदारानं विचारलं, "रान किती?" मी मान ताठ करून म्हटलं, "दोन एकर." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग पावतीवर शिक्का मारताना म्हणाला, "साहेब, दीड किलोची पिशवी एका एकराला असते." मला वाटलं, विक्री वाढवायची त्याची ही काहीतरी उलटी पद्धत असावी.

गावी पोचल्यावर तात्यानं पिशव्या मोजल्या. "बाळासायेब," तो म्हणाला. त्याला माझी कीव आली की तो मला बाळासाहेब म्हणतो, एरवी बाळ्याच. "बाळासायेब, समद्या गावाची पेरणी करायचीया व्हय?" मग त्यानं समजावलं की दोनास एक हे वजन नव्हे, ओळी. दोन ओळी बाजरीच्या, एक तुरीची. का, तर तेही त्यानं सांगितलं, आणि मी वाचलेल्या सगळ्या पुस्तिकांपेक्षा ते मला लवकर कळलं.

"तुज्या बापाची लालबागची खोली आठवतीया का?" तो म्हणाला.

आठवत कशी नाही. माणदेशातले अर्धे बाप्ये त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत होते. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसं राहायची आणि तरी मावायची, कारण एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रातपाळी. एक उठून कामावर गेला की त्याच वाकळेवर दुसरा येऊन आडवा व्हायचा. वाकळ एक, भाडं एक, माणसं दोन. १९८२ च्या संपानंतर वडील ती वाकळ काखोटीला मारूनच गावी परतले.

"तसंच हाय ह्ये," तात्या म्हणाला. "बाजरी दिवसपाळीची. ऐंशी-नव्वद दिसांत काम उरकून जाती. तूर रातपाळीची. पयले दीड-दोन म्हैनं नुसती बसून असती, वाढतच न्हाय. बाजरी गेली की मग ती हातपाय पसरती. बाजरीची मुळं वरच्या वर, तुरीचं सोट मूळ खाली. एकमेकाच्या ताटात हात घालत न्हाईत. आन पाऊस मदीच गेला तर दोनातलं एक तरी हाताला लागतंच."

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तात्या म्हणाला, "लिव्हून काय करतुयास, बापानं जगून दावलंय की."

पेरणीच्या आदल्या दिवशी बीजप्रक्रिया होती. तुरीच्या बियाण्याला जिवाणू खत चोळायचं, ते चिकटावं म्हणून गुळाचं पाणी वापरायचं आणि बी सावलीत सुकवायचं. हे जिवाणू तुरीच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र ओढून झाडाला देतात, म्हणजे जवळजवळ फुकटातला युरिया. अडीचशे ग्रॅमचं एक पाकीट दहा किलो बियाण्याला सहज पुरतं. मी साडेचार किलोसाठी दोन पाकिटं आणली होती, कारण फुकटात मिळणारी गोष्ट कमी का घ्या? गुळाचं पाणी कितपत दाट हवं हे लक्षात नव्हतं म्हणून पुण्याला फोन लावला. ही म्हणाली, "मला लाडवांचं ठाऊक आहे. एकतारी हवाय की दोनतारी?" मी म्हटलं, घट्टच बरा. मग अर्धा किलो गुळाचा पाक करून, तो निवल्यावर त्यात जिवाणू कालवून, त्यात तूर घोळून मी परात बाहेर आणली तेव्हा तुरीचे दाणे सुटे राहिले नव्हते, संक्रांतीला वाटता येतील असे त्यांचे गोळे झाले होते. ते फोडून, सुटे करून, लवकर सुकावेत म्हणून मी पत्र्यावर उन्हात पसरले. संध्याकाळी वैनी गोठ्यातून आल्या. पत्र्याकडे पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. "भावजी, त्ये जिवाणू हुतं न्हवं? उनात मरत्यात त्ये."

बचत गटाच्या प्रशिक्षणात त्यांना हे शिकवलं होतं. मला तर पाकिटावरच छापून दिलं होतं.

मेलेल्या जिवाणूंसकट तूर मी ओसरीवर आणून ठेवली. रात्री गुळाचा वास मुंगळ्यांना लागला. सकाळी बघतो तर परातीपासून चौकटीपर्यंत, चौकटीतून अंगणात, अंगणातून थेट उकिरड्यापर्यंत काळी ओळ लागलेली, आणि मोठे मुंगळे दोघा-दोघांत एकेक दाणा धरून, लग्नातला पलंग जिन्यावरून चढवावा तसे "जरा डावीकडे घ्या, जरा उजवीकडे घ्या" करत चाललेले. ओळ सरळ होती आणि अंतर सारखं होतं. पुढं मी जी पेरणी केली तिच्यापेक्षा कितीतरी बरी.

पेरणी तिफणीनं होती. तात्याकडे अजून खिलार बैलांची जोडी आहे आणि तो ट्रॅक्टरवाल्याला फक्त नांगरटीला बोलावतो. मृगाचा पाऊस झाला होता, वाफसा आला होता, रानाला असा वास सुटला होता की मी दोन-तीनदा खाली बसून माती हुंगली आणि उठताना कंबर धरली. तात्या बैलांच्या कासऱ्याला, वैनी चाड्यावर. चाड्यात मूठ सोडणं म्हणजे काय कसब असतं ते बघूनच कळतं. वैनींच्या मुठीतून बाजरी तासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका धारेत सुटते, आणि मधे त्या माझ्या मुलाच्या लग्नाचं काय झालं ते विचारतात, तरी धार तुटत नाही. मी हट्ट करून तुरीचं मोघण मागून घेतलं. मोघण म्हणजे वेगळा एक नळा, दोरीनं तिफणीला बांधलेला. त्यात मागनं चालत दाणे सोडत राहायचं. तात्यानं बजावलं होतं, "मदल्या फणाची नळी बंद केलीया, मोघण त्याच्याच मागं धर."

आता मधल्या फणाच्या मागं चालायचं तर माझा पाय वैनींच्या पायावर पडत होता. दिरानं भावजयीच्या टाचेवर पाय द्यावा हे काही बरं दिसेना, म्हणून दहा-बारा पावलांनंतर मी शहाणपणानं उजव्या फणामागं सरकलो, मधली नळी उघडली आणि त्या कडेच्या नळीत चिंधी कोंबली. वैनींनी ते पाहिलं होतं. पण पुण्याहून आलेल्या दिराला भर रानात बोलायचं कसं? त्यांना वाटलं, आता असंच निघालं असेल.

हे कागदावर मांडल्यावर आजही माझं मलाच हसू येतं. तूर मधल्या फणात असली की तिफण जाताना आणि येताना बाजरी-तूर-बाजरी, बाजरी-तूर-बाजरी असं होतं, म्हणजे दोनास एक अगदी चोख. पण तूर उजव्या फणात, आणि तिफण तासाच्या टोकाला वळून परत आली की तिचा उजवा हात येतो पलीकडच्या तुरीला लागून. म्हणजे तुरीच्या दोन ओळी शेजारी-शेजारी, मग बाजरीच्या चार, मग पुन्हा तुरीच्या दोन. आठवड्यानं उगवण झाली तेव्हा तात्या बांधावर उभा राहून ओळी मोजत होता. मोजून झाल्यावर त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा मोजल्या.

त्याच सुमाराला कृषी सहायक फेरी मारायला आले. ओळींकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! चारास दोन! ज्वारी-तुरीत करतात हे. मुद्दाम केलंत?" तात्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दूर महादेवाच्या डोंगराकडे पाहिलं आणि म्हणालो, "प्रयोग म्हणून." त्यांनी माझा फोटो काढला. त्या फोटोत मी एका पायावर उभा आहे, कारण दुसऱ्या पायात काटा गेला होता.

त्या एका फोटोनं माझा घात केला. प्रयोगशील शेतकरी असल्याची भावना एकदा डोक्यात शिरली की माणूस कोणाचं ऐकत नाही. मी दर शनिवारी स्वारगेटहून गाडी धरून जायला लागलो. मोघणात माझी मूठ अडकली होती तिथं तुरीच्या ओळीत मोठमोठी खिंडारं पडली होती, आणि जुलैत त्यातल्या एका खिंडारात अचानक हिरवीगार, टवटवीत, एकसारखी रोपं आली. उशिरा का होईना उगवली म्हणायची! मला त्यांचा विशेष लळा लागला. आजारातून उठलेल्या पोराकडे बघतात तसा मी त्यांच्याकडे बघत असे. तांब्यानं पाणी घाल, भोवतीची माती भुसभुशीत कर, शेजारची मरतुकडी तीन पानांची रोपं त्यांच्या अन्नात वाटेकरी नकोत म्हणून उपट. नागपंचमीला हिला दाखवायला घेऊन गेलो. ती खाली वाकली, एक पान चुरगाळून हुंगलं आणि आनंदानं म्हणाली, "अय्या, टाकळा! इथं कुठं मिळाला तुम्हाला?"

तिच्या माहेरी पावसाळ्यात टाकळ्याची भाजी करतात. कांदा, ओलं खोबरं घालून. तुरीच्या एका डहाळीला तीन पानं असतात, टाकळ्याच्या तीन जोड्या. म्हणजे मी जी मरतुकडी रोपं उपटली ती तूर होती. त्या दिवशी दोन मोठ्या पिशव्या भरून भाजी निघाली. माझ्या शेतातलं पहिलं उत्पन्न.

गाठींचं प्रकरण याहून वाईट. मी कुठंतरी वाचलं होतं की तुरीच्या मुळांवरची गाठ कापून बघावी, आतून गुलाबी असली तर जिवाणू कामाला लागलेत असं समजावं. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्याच द्रव्याचा असतो. मग काय, दर शनिवारी मी एक रोप अलगद उपटायचो, मुळं धुवायचो, नखानं गाठ फोडायचो. गुलाबी! उन्हात जीव गेलेले माझे जिवाणू गेले ते गेलेच, पण आमच्या मातीत आधीपासून असलेले जिवाणू कोणाला न विचारता मुळांवर बसून काम करत होते. पुण्याहून नेलेले मेले आणि गावचे कामाला लागले, याचा काही वेगळा अर्थ काढू नये अशी विनंती. एका रोपावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय म्हणून मी पुढं पाच-पाच उपटू लागलो, दर ओळीतून एक. तात्या एकदा मागं येऊन कधी उभा राहिला कळलं नाही. मी उत्साहानं गुलाबी गाठ दाखवली. त्यानं ती बघितली, मग माझ्या शेजारी आडवी पडलेली पाच रोपं बघितली.

"रगात चांगलं हाय," तो म्हणाला. "पेशंट गेला."

यानंतर मी मुळांचा नाद सोडला आणि वर लक्ष दिलं. तुरीवर फुलोऱ्यात घाटेअळी पडते आणि तिला खाणारे पक्षी बसावेत म्हणून शेतात टी आकाराच्या काठ्या, म्हणजे पक्षिथांबे लावावेत, हे वाक्य मी जूनमध्येच अधोरेखित केलं होतं. मी ऑगस्टच्या अखेरीस वीस थांबे लावले. तुरीला फुलोरा यायला अजून दोन महिने होते. बाजरी मात्र चिकात होती. पक्षी आले. माझ्या वीस थांब्यांवर ओळीनं बसून, सोयीस्कर उंचीवरून, माझी बाजरी बघून, पसंत करून, खाली वाकून ते खात होते. तालुक्यातल्या सगळ्या चिमण्यांना बसून जेवायची सोय पहिल्यांदाच कोणीतरी केली असावी. मग मी गोफण हातात घेतली. गोफणीबद्दल एवढंच सांगतो की धोंडा पुढं जायला हवा असतो. माझा मागं गेला आणि बांधावरचा पाण्याचा माठ फुटला. चिमण्या त्या आवाजानं उडाल्या, म्हणजे परिणाम साधला असंही म्हणता येईल.

बाजरी निघाली तेव्हा तीन पोतीही भरली नाहीत. त्यानंतर तात्यानं मला प्रेमानं दम दिला की आता तुरीला तिचं तिला करू दे, तू पुण्यात ऱ्हा. मी राहिलो. आणि खरं सांगतो, मी नसताना रानात जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाजरी गेल्यावर हस्ताचा पाऊस आला, आमच्याकडे तो उशिराचाच पाऊस खरा, आणि गुडघ्याएवढ्या, पिवळट, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या तुरीनं दिवाळीपर्यंत खांद्यापर्यंत उंची गाठली. जी उरली होती तिनं. पिवळ्या फुलांतून चालताना मला लालबागच्या खोलीत रातपाळी करून आलेले, भिंतीकडे तोंड करून झोपलेले वडील आठवले. पण ते मी तात्याला सांगितलं नाही, तो पुन्हा बाळासायेब म्हणाला असता.

जानेवारीत तूर झोडपली. सगळं पुण्याला आणून मी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आंतरपिकाचा फायदा मोजायची शास्त्रशुद्ध रीत असते: त्याच रानात नुसती बाजरी घेतली असती तर जेवढी झाली असती त्याचा कितवा हिस्सा आला, नुसती तूर घेतली असती तर त्याचा कितवा, आणि दोन्हींची बेरीज. एकाच्या वर गेली तर आंतरपीक फायद्याचं. तात्याच्या शेजारच्या रानातले आकडे धरून माझी बाजरी आली निम्मी, ०.५०. तूर आली तिसरा हिस्सा, ०.३३. बेरीज ०.८३. दोन पिकं एकत्र घेऊन एकापेक्षा कमी आणणं फार लोकांना जमत नसावं.

हिनं चष्मा लावून कागद बघितला. "टाकळा धरलाय का?" तिनं विचारलं.

टाकळ्याच्या दोन पिशव्या, पुण्यातल्या मंडईच्या भावानं, माठाची किंमत वजा न करता धरल्या तर आकडा १.०२ होतो. तो कागद आमच्या फ्रीजवर चुंबकानं लावलेला आहे.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी तात्याचा फोन आला. आवाजात नको इतकी माया होती. "बाळ्या, पाऊस झालाया. वाफसा आलाया. आज पेरतुया मी." थोडा थांबला. "तू दमानं ये. दिवाळीला ये. पोतं काढून ठेवतू."

मी म्हटलं, "बरं, बरं." माझ्यामागं कंडक्टर घंटी ओढत होता, ती त्याला ऐकू गेली असेल. दहिवडीच्या गाडीत खिडकीशेजारची जागा मिळाली होती आणि सकाळचं ऊन बरोबर माझ्या मांडीवर येत होतं, म्हणून मी छत्री उघडून जिवाणूंच्या पाकिटावर धरली होती. एकच पाकीट. गूळ खालच्या पिशवीत, कागदात बांधून ठेवला होता. शेजारच्या बाई मघापासून छत्रीकडे बघत होत्या. आता त्यांनी आपलं मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि त्यावरून चाललेला मुंगळा झटकला.